पाटावरचा एसएमपीएस

दुकानात नवीन आलेलं गिऱ्हाईक बाकड्यावर टेकतं, पत्रिकेचे नमुने चाळता चाळता टेबलाखाली बघतं आणि मग विचारतं, "ताई, पाटावर काय हो हे?"

पाट आमच्या घरातला, सत्यनारायणाच्या पूजेचा. त्यावर एक काळं पत्र्याचं खोकं, आत पंखा फिरतोय, आणि त्यातून निघालेला वायरींचा जुडगा शेजारच्या कॉम्प्युटरच्या पोटात शिरलेला. मी सांगते, "ह्याचाच एसएमपीएस आहे. आत मावत नाही, म्हणून बाहेर ठेवलाय." (एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल अशी करून देणारा डबा.) बहुतेकांना तेवढं पुरतं. परवा एका ग्रामसेवकांना नाही पुरलं. त्यांच्याही ऑफिसातलं मशीन बंद पडलेलं, नवा एसएमपीएस आणलेला, आणि तो जोडायला जागाच सापडत नव्हती. त्यांना अर्धा तास जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहून ठेवते.

मी कराडला डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देते, तेवीस वर्षं झाली. लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, उत्सवाची पावती पुस्तकं. रिपेअरिंग हा काही माझा धंदा नाही. पण लग्नसराईत मशीन बंद पडलं आणि रिपेअरवाला "उद्या येतो" म्हणाला की दोन-चार वर्षांत माणूस आपोआप स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायला शिकतं.

दुकानात दोन मशीनं आहेत. एक जुनं पेन्टियम फोर. त्याच्या पाठीमागे, प्रिंटरच्या त्या जुन्या रुंद पोर्टमध्ये, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही, अशी किल्लीच ती) लावलाय आणि केवळ त्या डोंगलपायी हे मशीन मी मरू देत नाही. पेजमेकर ह्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या सगळ्या फायली त्याच्यावरच उघडतात. दुसरं 'मोठं' मशीन, म्हणजे चौथ्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसरवाला. हे रिफर्बिश्ड. मोठमोठ्या कंपन्या जुन्या मशीनचे लॉट काढतात, व्यापारी ती पुसून-पासून विकतात, त्यातलं. ब्रँडेड आहे. ब्रँड सांगत नाही, कारण मशीन उत्तम आहे, आणि मी ज्याबद्दल कुरकुर करणार आहे तो उद्योग एकट्या त्याच कंपनीने केलेला नाही.

तर गेल्या वर्षी तुळशीची लग्नं लागली, मुहूर्त सुरू झाले, आणि चौथ्या का पाचव्या दिवशी संध्याकाळी सातला लाइट गेली. आली. परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मोठ्या मशीनमधून 'फट्' असा आवाज झाला आणि जळलेल्या माशासारखा वास सुटला. ज्यांनी एकदा तो वास घेतलाय त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. वास कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून येत होता, म्हणजे गेला तो एसएमपीएस.

सकाळी एका पत्रिकेचं ट्रेसिंग, म्हणजे ट्रेसिंग पेपरवर काढलेली प्रिंट, स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जायचं होतं. मुलीचे वडील समोर बाकड्यावर बसलेले, त्यांच्या हातात प्रूफ, प्रूफवर "आमच्या येथे श्रीकृपेकरून" पासून "आहेर आणू नये" पर्यंत लाल पेनाच्या तेरा करेक्शन. ते म्हणाले, "ताई, माझं मॅटर गेलं का?" मॅटर हार्ड डिस्कवर होतं, ते कुठं जाणार. पण उघडायचं कशावर?

आमच्याकडे येणारा रिपेअरवाला आयटीआय झालेला पोरगा आहे, तेवीस-चोवीसचा. हात चांगला, कामाला तत्पर, फक्त घाई फार. अर्ध्या तासात नवा एसएमपीएस घेऊन हजर. झाकणावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. "काकू, दहा मिनिटांत चालू करून देतो."

झाकण काढलं, जुना एसएमपीएस सोडवला आणि पोरगं गप्प झालं. नव्या एसएमपीएसचा मोठा प्लग चोवीस पिनांचा. आणि बोर्डावर, म्हणजे सगळं ज्याला जोडतात त्या मदरबोर्डावर, चोवीस पिनांचं सॉकेटच नाही! त्या जागी सहा पिनांचं एक चिमुकलं सॉकेट, प्रोसेसरजवळ चार पिनांचं चौकोनी, आणि तिसरं एक, ज्यातून केबल निघून हार्ड डिस्क आणि डीव्हीडीला गेलेली. म्हणजे ह्या बोर्डात डिस्कला करंट एसएमपीएस देत नाही, बोर्ड देतो.

पोरगं क्षणभरच गप्प होतं. नव्या एसएमपीएसच्या वायरी चाळून त्याने एक प्लग काढला आणि खूश होऊन म्हणाला, "सहा पिनचा पण आहे की ह्याला!"

तो ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे चित्रांसाठी जादा बसवतात त्या कार्डाचा, प्लग होता. आकाराने सारखाच दिसतो. त्याने तो सॉकेटवर धरला, तो नीट बसेना, मग अंगठ्याने दाबायला लागला. आणि मी त्याचा हात धरला.

हात का धरला ते सांगायला वीस वर्षं मागे जावं लागेल.

माझ्या दिरांनी पुण्यातल्या एका ऑफिसच्या लिलावातून एक ब्रँडेड पेन्टियम थ्री आणलं होतं. वर्षभराने त्याचा एसएमपीएस गेला. गल्लीतल्या मेकॅनिकने साधा, बाजारात मिळतो तो एसएमपीएस आणून बसवला. तेव्हाचा मुख्य प्लग वीस पिनांचा. बोर्डावरही वीस पिनांचंच सॉकेट. प्लग अगदी अलगद बसला, क्लिपसुद्धा टक् करून लागली. भाऊजींनी बटण दाबलं आणि एसएमपीएस आणि बोर्ड दोन्ही एका दमात गेले. धूर एवढा झाला की सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

मेकॅनिकची चूक म्हणावी तर काय म्हणावी! प्लग बसला होता. नंतर एका जाणत्या माणसाने दाखवलं. त्या कंपनीने सॉकेट बाजारातलं नेहमीचंच वापरलं, पण आतल्या वायरींचा क्रम स्वतःचा ठेवला. साध्या एसएमपीएसमध्ये ज्या घरात ३.३ व्होल्टची नारिंगी वायर येते, त्या घरात ह्यांची ग्राउंडची, करंट परत नेणारी, काळी. त्यांचे ३.३ व्होल्ट वेगळ्याच सहा पिनांच्या चपट्या प्लगमधून यायचे, ज्याचं सॉकेट बोर्डावर रिकामं राहिलं होतं आणि कुणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. चाळ तीच, खोल्या त्याच, भाडेकरू बदललेले. पोस्टमनने नेहमीच्या दारात पत्र टाकलं आणि ते भलत्याच्या हातात पडलं.

तेव्हापासून प्लगच्या आकारावर माझा विश्वास नाही. मी वायरींचे रंग मोजते.

रंगांचं गणित एकदा डोक्यात बसलं की फार सोपं आहे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची पद्धत आणली, तेव्हापासून साध्या एसएमपीएसचे रंग ठरलेत. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळ्या सगळ्या ग्राउंड, निळी उणे १२. ह्या झाल्या ओझं वाहणाऱ्या. उरल्या तीन, त्या निरोपाच्या. जांभळी म्हणजे स्टँडबाय. मशीन बंद असलं तरी भिंतीचं बटण चालू असेपर्यंत तिच्यात ५ व्होल्ट असतात, त्यावर बोर्ड अर्धवट जागा असतो. हिरवी म्हणजे चालू हो असं सांगणारी. आपण पुढचं बटण दाबतो तेव्हा बोर्ड ही हिरवी वायर काळीशी जोडतो आणि मग एसएमपीएस उठतो. आणि राखाडी उलटा निरोप देते. सगळे व्होल्ट जागेवर आले, आता कर सुरुवात, असं एसएमपीएस बोर्डाला सांगतो. चालू झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत हा निरोप यायला हवा. नाही आला तर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

आता त्या पोराच्या हातातला ग्राफिक्सचा प्लग बघा. तीन पिवळ्या, तीन काळ्या. संपलं. आणि जळालेल्या एसएमपीएसचा सहा पिनांचा प्लग बघितला तर त्यात हिरवी होती, जांभळी होती, राखाडी होती. म्हणजे जोर लावून तो बसवला असता तर निरोपाच्या नाजूक वायरीत थेट १२ व्होल्ट शिरले असते. प्लास्टिक मात्र शहाणं होतं. ह्या प्लगांच्या काही पिनांची घरं चौकोनी असतात, काहींचे कोपरे घासलेले. चुकीचा प्लग म्हणूनच अडतो. ते बिचारं "नको, नको" म्हणत होतं आणि आमचं पोरगं अंगठा दाबत होतं. भाऊजींच्या मशीनमध्ये एवढं म्हणणारंही कुणी नव्हतं.

मग आम्ही दोघांनी जुन्या एसएमपीएसचं लेबल टॉर्च लावून वाचलं. त्यावर फक्त १२ व्होल्ट. पाच नाही, ३.३ नाही, आणि स्टँडबायसुद्धा १२! तेव्हा कोडं सुटलं. ह्या बोर्डाला एसएमपीएसकडून नुसते १२ व्होल्ट हवेत. बाकीचे तो स्वतः आत तयार करतो आणि डिस्कलाही तोच पुरवतो. कल्पना वाईट नाही हो. वायरी कमी, खर्च कमी. इंटेलनेही २०१९ मध्ये असाच फक्त १२ व्होल्टचा, दहा पिनांचा नियम काढला. पण ऑफिसची मशीनं बनवणाऱ्या कंपन्या त्याच्या कितीतरी आधीपासून हे करत होत्या, आणि प्रत्येकीचा प्लग वेगळा. कुणाचा सहा पिनांचा, कुणाचा आठ, कुणाचा चौदा. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात रात्री साडेआठला हे कुठून पैदा करायचं?

मुलीच्या वडिलांना चहा पाजला. मोठ्या मशीनची हार्ड डिस्क काढून जुन्या मशीनला जोडली. जुन्याला नवी डिस्क थेट लागत नाही, यूएसबीचं कन्व्हर्टर होतं ते वापरलं. फाइल पेजमेकरची होती म्हणून वाचले. जुन्या मशीनवर रात्री सव्वा अकराला ट्रेसिंग निघालं. लग्न व्यवस्थित पार पडलं. एका काकांचं नाव राहिलं ते माझ्याकडून नाही, तेराव्या करेक्शनमध्ये त्यांनीच खोडलं होतं.

ह्या जुन्या मशीनचीही एक गोष्ट आहे, सांगूनच टाकते. ते असेंबल केलं तेव्हा पैसे वाचवायला आधीच्या मशीनचं कॅबिनेट तसंच ठेवलं, एसएमपीएससकट. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखा फिरला, डिस्प्ले नाही. दुकानदाराने बोर्ड बदलून दिला. तरी तेच. पुन्हा बदलला. तिसऱ्या खेपेला दुकानातल्या म्हाताऱ्या अकाउंटंटने चष्मा वर करून विचारलं, "ते चौकोनी भोक रिकामं का हो?" प्रोसेसरच्या शेजारी चार पिनांचं सॉकेट. पेन्टियम फोर आला तेव्हा २००० सालापासून हा जादा १२ व्होल्टचा प्लग आला. प्रोसेसरची भूक इतकी वाढली की मुख्य प्लगच्या एका पिवळ्या वायरीवर भागेना. माझ्या जुन्या एसएमपीएसला तो प्लगच नव्हता. पुढे २००३ मध्ये मुख्य प्लग वीसचा चोवीस झाला. वाढलेल्या चार वायरी म्हणजे एकेक पिवळी, लाल, नारिंगी आणि काळी. नवीन काही नाही, त्याच दिंडीत आणखी चार वारकरी. म्हणून वीसचा प्लग चोवीसच्या सॉकेटात चार घरं मोकळी ठेवून बसतो आणि हलक्या मशीनला पुष्कळदा चालतोही.

असो. मोठं मशीन.

दुसऱ्या दिवशी शोधल्यावर कळलं की चोवीस पिनांचा सहा पिनांत बदल करून देणारी केबल ऑनलाइन मिळते. पण त्यातही दोन प्रकार. एक नुसती केबल, इकडची वायर तिकडे. दुसरीच्या मध्ये प्लास्टिकच्या नळीत गुंडाळलेला आगपेटीएवढा सर्किटचा तुकडा असतो. मला दुसरी हवी होती. का, ते आता लक्षात आलं असेल. साध्या एसएमपीएसची जांभळी वायर ५ व्होल्ट देते आणि ह्या बोर्डाला झोपेतसुद्धा १२ लागतात. तो तुकडा ५ चे १२ करतो. नुसती केबल लावली असती तर बोर्ड जागाच झाला नसता. काही जळलं नसतं, पण मी आठवडाभर सगळ्यांना दोष देत बसले असते. मागवताना मशीनचं मॉडेल आणि पिनांची संख्या दोन्ही जुळवून घेतली. सहा पिन म्हटलं की सगळ्या कंपन्यांचा क्रम एकच, असं नाही हे भाऊजींनी शिकवलंच होतं.

केबल यायला चार दिवस लागले. तेवढ्यात मी त्या ४५० वॅटच्या एसएमपीएसकडे नीट बघितलं. हातात घेतला तर हलका. नारळ घेताना आपण कानाशी हलवून बघतो ना, तसं एसएमपीएस घेताना तळहातावर तोलून बघावं. आतली कॉइल, ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचे हीटसिंक ह्यांना वजन असतं, आणि पैसे तिथंच वाचवतात. मग लेबल. १२ व्होल्टला १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे ४५० पैकी १२ व्होल्टवर १९२ वॅट, उरलेला सगळा फुगवटा लाल आणि नारिंगी वायरींत. ही वाटणी पेन्टियम थ्रीच्या काळातली. तेव्हा प्रोसेसर बहुतेक ५ व्होल्टच्या लाइनीवर पोसला जायचा. आता सगळं १२ वर चालतं, आणि माझ्या बोर्डाला तर १२ सोडून काही चालतच नाही. माझ्या आय फाइव्हचा कागदावरचा आकडा ८४ वॅट. ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे १९२ खरे असले तरी आरामात पुरले असते.

खरे असले तर.

केबल आली. पोराला बोलावलं, तोही आता उत्सुक होता. बोर्डाला जोडायच्या आधी मी एसएमपीएस मोकळा चालवून बघते. चोवीसच्या प्लगमध्ये हिरवी आणि शेजारची काळी ह्या दोन घरांत सरळ केलेली यू-क्लिप घालायची, एक जुना सीडी ड्राइव्ह ओझ्याला लावायचा, आणि मग भिंतीचं बटण. माझ्याकडे व्होल्ट मोजायचा तो पिवळा स्वस्तातला मल्टीमीटर आहे. त्यावर पिवळी वायर १२.१, लाल ५.०. छान. जोडलं, मशीन चालू झालं, विंडोज आली, पोराने टाळी मागितली. मी कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून एका मोठ्या फ्लेक्सची फाइल लोड केली आणि मीटरची टोकं प्लगच्या पाठीमागून पुन्हा लावली.

पिवळी १०.९. लाल ५.४.

ह्यात पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे १२ ची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. इथं एक खाली आणि दुसरी वर. स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ अशा दोन्ही लाइनींचा लगाम एकच असतो. सगळं ओझं पिवळीवर पडलं की ती दबते, तिला वर उचलायला आतलं सर्किट जोर लावतं आणि मोकळी बसलेली लाल उगाच चढते. बैलगाडीला एकीकडेच पोती लादली की दुसरं चाक हलकं होतं, तसं. आमच्या जोडणीत पाच आणि ३.३ व्होल्टना कामच नव्हतं, त्यामुळे हे होणारच होतं. गंमत म्हणजे मशीन चाललं होतं! तसंच ठेवलं असतं तर महिनाभर चाललंही असतं, आणि मग एखाद्या दिवशी फाइल सेव्ह करताना रिस्टार्ट. हे मी पाहिलंय. लोक त्याला व्हायरस समजतात.

तो एसएमपीएस परत केला. दुकानदार म्हणाला, "चालतोय की मग." मी मीटरचा फोटो दाखवला. त्याने घेतला, जरा नाराजीनं.

मग साताऱ्याहून एक बऱ्यापैकी मागवला. हाही ४५० वॅटचाच. पण १२ व्होल्टला ३७ अँपिअर, म्हणजे ४४४ वॅट, जवळजवळ सगळेच. ह्या जातीत आधी १२ तयार करतात आणि त्यातूनच छोट्या सर्किटने ५ आणि ३.३ काढतात, म्हणून एकाचं ओझं दुसऱ्याला जाणवत नाही. किंमत आधीच्याच्या तिप्पट. हातात घेतला तेव्हाच फरक कळला. लावून मोजला, पिवळी १२.०२, फ्लेक्स उघडल्यावर ११.९७. (त्यावर ८० प्लसचा शिक्काही आहे. तो शिक्का म्हणजे भिंतीतून ओढलेली वीज किती वाया जात नाही त्याचा. दम किती आहे ते त्यावरून कळत नाही. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं सांगतात.)

आणि आणखी एक फरक, जो मी अपेक्षिला नव्हता. आधी लाइट गेली की इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या झटक्यात मशीन रिस्टार्ट व्हायचं. मी इन्व्हर्टरला दोष द्यायची. लाइट गेल्यावर काही मिलिसेकंद एसएमपीएस आपल्या आतल्या मोठ्या, वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरवर तग धरतो, त्या अवधीत इन्व्हर्टरने पोचायचं असतं. कपॅसिटर लहान किंवा म्हातारा असेल तर तो आधीच मान टाकतो. नवीन आल्यापासून एकदाही रिस्टार्ट झालेलं नाही. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना तेही बघा, आमचं चार वर्षं दुसरीकडेच होतं.

त्याच कपॅसिटरपायी एक सांगते. एसएमपीएसचं खोकं उघडू नका. आपल्या २३० व्होल्टचे आत तीनशेच्या वर व्होल्ट होतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ दबा धरून असतात. पोराला मी एवढंच रागावून सांगितलंय.

आता पाट. नवा एसएमपीएस सगळा जुळला, फक्त कॅबिनेटमध्ये बसला नाही! जुना लांबट आणि बुटका, नवा नेहमीच्या चौकोनी मापाचा. स्क्रूची भोकंही वेगळीकडे. पोरगं म्हणालं पत्रा कापतो. मी म्हटलं, त्यापेक्षा बाहेरच राहू दे. जमिनीवर ठेवला तर केरसुणीचा कचरा पंख्यात ओढला जातो, म्हणून घरून पाट आणला. एसएमपीएसच्या स्क्रूपासून कॅबिनेटच्या स्क्रूपर्यंत एक हिरवी अर्थिंगची वायर स्वतंत्र टाकली. आमच्याकडे कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ही तक्रार घरोघरी असते. ती एसएमपीएस बिघडल्याची खूण नाही, भिंतीतल्या अर्थिंगचा पत्ता नसल्याची आहे. अर्थिंग नसलं की आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून कॅबिनेटवर जवळपास निम्मे व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा, पण पाय ओले असले की कळतो. दुकानाचं अर्थिंग मी त्याच आठवड्यात वायरमनकडून करून घेतलं.

सहा पिनांचा क्रम मी एका उरलेल्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला रंगीत पेनांनी काढला आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला. उघडलं की एकीकडे हिरवी, जांभळी, राखाडी आणि कडेने गणपतीची सोनेरी छटा. ग्रामसेवकांनी त्याचा फोटो काढला तेव्हा मी दोनदा बजावलं, हा आमच्या मशीनचा क्रम आहे, तुमच्या लेबलवर काय लिहिलंय ते आधी वाचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेबलचा फोटो पाठवला. त्यांचा चौदा पिनांचा निघाला.

जानेवारीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एकाकडे त्याच पार्ट नंबरचा ओरिजिनल, जुन्या मशीनमधून काढलेला एसएमपीएस मिळाला. कुरिअरने आला, तपासला, ठणठणीत आहे. तो आत अगदी फिट बसेल. पण चालत्या गाड्याला खीळ कशाला, म्हणून बबल रॅपमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलाय.

श्रावणात सत्यनारायण घातला तेव्हा सासूबाईंनी पाट मागितला. मी म्हटलं, "आई, त्याच्यावर बसलंय कुणीतरी." त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं, पंखा फिरत होता. दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेतून नवीन पाट आणला, सागवानी, आधीच्यापेक्षा चार बोटं मोठा.